बिनचहाच्या भोयरबाई

माझ्या हातातला चहाचा कप भोयरबाईंनी काढून घेतला आणि मोरीत ओतला, तेव्हा मला हिंगणीत येऊन एक दिवसही झाला नव्हता.

मी आर्वीची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मला हिंगणीच्या शाळेत नोकरी लागली. राहायला शाळेजवळच एका घराचा अर्धा भाग मिळाला, उरलेल्या अर्ध्यात भोयरबाई राहत. पहिल्याच सकाळी मी स्टोव्हवर चहा केला, ओट्यावर येऊन बसले आणि कप तोंडाला लावणार एवढ्यात शेजारच्या दारातून खादीचं पांढरं लुगडं नेसलेली एक उंच, काटक बाई आली. तिनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. कप घेतला, मोरीत रिकामा केला, विसळला आणि माझ्या हातात परत ठेवला.

"मी सुशीला भोयर. तिसरी-चौथी माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "घरात ताक आहे. आणून देऊ?"

मी इतकी अवाक झाले होते की "द्या" म्हणून बसले.

संतापायला हवं होतं. पण पुढच्या दहा वर्षांत मी पाहिलं, बाईंवर संतापणं कुणालाच नीट जमत नसे. त्या समोरच्याला लाजवायच्या नाहीत, उपदेशही फारसा करायच्या नाहीत. चहा दिसला की ओतायच्या आणि त्या जागी दुसरं काहीतरी द्यायच्या. ताक, आंबील, गुळाचं पाणी. तुम्ही विचार करेपर्यंत ते तुमच्या पोटात गेलेलं असे. मी चहा सोडला नाही, पण त्यानंतर दार लावून प्यायला लागले.

लग्नानंतर वर्षभरातच त्यांचा नवरा वारला होता. मूलबाळ नव्हतं. त्यांचं चालणं म्हणजे जवळजवळ धावणंच असे. बोलणं मोठ्यानं, कारण वर्गात बोलताना आणि घरात बोलताना वेगळा आवाज लावायचा असतो हे त्यांना पटतच नसे. माझ्याशी त्या शाळेतलं मराठी बोलत, गावच्या बायांशी गावचीच बोली, जिच्यात बायाही 'मी करतो' म्हणतात. कुणाच्याही घरी गेल्या की उंबऱ्यात थांबून आधी नाकानं खोल श्वास घ्यायच्या. "उकळून राह्यला वाटते," म्हणायच्या, आणि आतली बाई भांडं झाकायला धावायची. प्रार्थनेनंतर पोरांच्या रांगेतून फिरताना त्या एकेकाच्या तोंडापाशी वाकत. "काय खाऊन आला?" पोरगं म्हणे, "चहा-पोई." मग त्याचं बखोट धरून त्या त्याला स्वतःच्या घरी नेत आणि भाकर खाऊ घालून परत आणत. चहा-पोळी हा तेव्हा अर्ध्या गावातल्या पोरांचा सकाळचा आहार होता, हे मला त्यांच्यामुळे दिसलं. त्याआधी मी स्वतः तेच खाऊन मोठी झाले होते आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

एकदा त्यांच्याबरोबर एका घरी गेले. घरची सून शेतावर गेलेली, सात-आठ महिन्यांचं लेकरू आजीच्या मांडीवर. आजी बशीतला चहा बोट बुडवून त्याला चाटवत होती आणि ते लेकरू त्या बोटासाठी आ करत होतं.

"आजी, हे काय करता?" बाई ओरडल्या.

"रडत नाई मंग," आजी शांतपणे म्हणाली. "दूध कुठून आनू? याच्यानं भूक मरते त्याची."

बाई खाली बसल्या आणि त्यांनी लेकराचा हात हातात घेतला. मनगट इतकं बारीक की त्यांच्या दोन बोटांच्या कडीतून ते सहज बाहेर येई. दुसऱ्या दिवसापासून त्या घरी बाईंच्या रतिबातलं अर्धं दूध जायला लागलं.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, अंबाडीची भाजी निवडताना. त्या लहान असताना सेलूच्या बाजारात चहा कंपनीच्या माणसांची एक गाडी यायची. तिच्यावर फोनोग्राफ लावलेला. गाणी ऐकायला लोक जमले की ते सगळ्यांना फुकट चहा पाजायचे, वर घरी न्यायला पुड्याही द्यायचे. गावात तोवर चहा कुणाला ठाऊक नव्हता. आजारी माणसाला काढा देतात तसलं काहीतरी, एवढीच समजूत. त्यांच्या आईनं तिथेच पहिला कप घेतला. वर्षा-दोन वर्षांत गाडी यायची बंद झाली आणि चहाच्या पुड्या दुकानात विकत मिळायला लागल्या.

"माझे वडील खादीवाले. घरात चहा नको म्हणाले," बाई म्हणाल्या. "मायनं हो म्हटलं आणि चोरून प्यायला लागली. डबा सरपणाच्या तुराट्यांच्या ढिगाखाली ठेवायची. मी पाहिला. विचारलं तर म्हणाली, जिऱ्याचा आहे. मी लहान होते, पण वास ओळखत होते. ती माझ्याशी खोटं बोलली तेव्हापासून हे सुरू आहे." निवडलेली भाजी त्यांनी पाण्यात टाकली. "ज्या गोष्टीसाठी माय लेकीशी खोटं बोलते, ती साधी गोष्ट नाही."

गावातल्या बायांनी त्यांचं मनापासून ऐकायला सुरुवात केली ती मात्र कापूस वेचणीच्या एका हंगामात. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं नवीच पद्धत काढली होती. दुपारी भाकरीच्या वेळेला तो शेतात चहाची किटली पाठवायचा. चहा प्याला की बायांची भूक मरायची, तरतरी यायची, आणि त्या शिदोरी न सोडता ऊन उतरेपर्यंत वेचत राहायच्या. बायांनाही त्यात मान वाटायचा, मालक चहा पाजतो म्हणून. एका सुटीच्या दिवशी बाई त्या शेतात गेल्या. मीही मागे होते. त्यांनी गड्याच्या हातातली किटली घेतली आणि मालकासमोर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उपडी केली.

"बाई, पोराईले शिकवा तुमी. माह्या वावरात काऊन आल्या?" तो गरजला.

"हा चहा नाई पाजत तुमी," बाई तेवढ्याच मोठ्यानं म्हणाल्या. "यांची भाकर खाऊन राह्यले. चाला गं, सोडा शिदोऱ्या. खा आदी."

वेचणाऱ्या बाया क्षणभर दगडासारख्या उभ्या राहिल्या. मग त्यांच्यातली पार्वती पुढे झाली, ओटीतला कापूस गाठोड्यात टाकून खाली बसली आणि तिनं शिदोरी सोडली. तिच्यामागे सगळ्या बसल्या.

पार्वती माळ्याची. नवरा नामदेव. बोर नदीच्या काठाला त्यांची वांग्या-टमाट्यांची वाडी होती. हंगामात ती वेचणीला जायची, एरवी डोक्यावर टोपली घेऊन सेलूच्या बाजाराला. हसरी, गोल चेहऱ्याची, आणि चहाची इतकी शौकीन की सासरी तिला 'किटली' म्हणत. त्या दिवसानंतर तिनं चहा सोडला. बाईंवर तिचा जीव जडला होता. तिचं पाहून आणखी कितीतरी जणींनी सोडला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाईंकडे बायांची रीघ लागायची आणि एकमेकींना त्या अभिमानानं सांगायच्या, "मी नाई पेत आता."

चहा सोडलेल्या बायांची डोकी दुखायची. भयंकर दुखायची. पार्वती तर पहिल्या आठवड्यात पदर कपाळाला घट्ट बांधून फिरत होती. बाईंकडे त्यावर उपाय होता. पांढरी गोळी.

गुल्हान्यांच्या किराणा दुकानात बरणीत सुट्या मिळणाऱ्या या गोळ्या. डोकं, अंग, दाढ, काही दुखलं की सगळा गाव त्याच घ्यायचा. बाईंना स्वतःला डोकेदुखीचा जुना त्रास होता. नवरा गेल्यापासूनचा, असं त्या सांगत. सकाळी उठल्यावर एक, शाळेत जाताना एक, दुपारी, संध्याकाळी. गुळाच्या खड्याबरोबर चावून खायच्या, पाणीसुद्धा लागत नसे. पदराच्या गाठीत नेहमी पाच-सहा असायच्याच. त्याच गाठीतून त्या बायांना द्यायच्या. "डोकं दुखते? हे घे. पण चहाकडे पाहू नको." नामदेवच्या वाडीकडून त्या भाजी घेऊन येत तेव्हा पार्वतीला गोळ्यांची पुडीच देऊन येत.

एका हिवाळ्यात शाळेची सहल बोर धरणावर नेली. तिथे पोचलो आणि बाईंच्या लक्षात आलं की दुसरं लुगडं नेसल्यामुळे गाठ घरीच राहिली. दुपारपर्यंत त्या कशाबशा टिकल्या. मग त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. एका झाडाखाली बसल्या, उलटी झाली, उजेड सहन होईना म्हणून पदर तोंडावर ओढून घेतला. पोरं घाबरून रडायला लागली. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या वर्गाच्या गुरुजींना सायकलवर गावात पिटाळलं. ते गोळ्या घेऊन आले. बाईंनी दोन एकदम चावल्या. जेवणाची भांडी आवरून होतात तोवर त्या उभ्या राहून पोरांना गाणं म्हणायला लावत होत्या.

मला आश्चर्य वाटलं ते गोळीच्या गुणाचं. दुसरं काही मनात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

पार्वती गेली ऐंशी सालच्या आसपास. आधी पाय सुजले, मग तोंड. धाप लागायची. गोल चेहरा पांढराफटक पडला. अंगात रक्त नाही म्हणून गावातल्या वैद्यानं लोहाचं औषध दिलं. वर्ध्याला न्यायचं ठरत होतं, त्याआधीच ती गेली. चाळिशीही झाली नव्हती. बाई तिच्या उशाशी होत्या. डोकं दुखतं म्हणून शेवटपर्यंत तिला गोळी त्याच देत होत्या.

दोनेक वर्षांनी बाईंचं चालणं मंदावलं. आधी मला वाटलं, वय झालं. मग एका सकाळी त्यांच्या पायात चप्पल शिरेना. मीच त्यांना धरून सेलूला नेलं. तिथे नागपूरहून शिकून आलेल्या एका तरुण डॉक्टरनं नुकताच दवाखाना टाकला होता. त्यानं पापण्या ओढून पाहिल्या, रक्त-लघवी तपासायला वर्ध्याला पाठवली, आणि पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला त्याचा चेहरा गंभीर होता.

"काही गोळ्या घेता का तुम्ही? रोजच्या?"

बाईंनी पदराची गाठ सोडून त्याच्यापुढे धरली. त्यानं एक गोळी उचलून पाहिली.

"दिवसाला किती?"

"मोजत नाही. डोकं दुखलं की घेते."

"आणि डोकं कधी दुखतं?"

"गोळी उतरली की," बाई म्हणाल्या. बोलल्या आणि थांबल्या. आपलंच वाक्य दुसऱ्या कुणी म्हटल्यासारख्या त्या त्याच्याकडे बघायला लागल्या.

डॉक्टर कागदावर लिहीत लिहीत सांगत होता. या गोळीत तीन औषधं असतात. त्यातलं एक वर्षानुवर्षं घेतलं की मूत्रपिंडं वाळत जातात, तुमची बरीचशी वाळली आहेत. "आणि एक असतं कॅफिन. त्यानंच सवय लागते. ते अंगातून उतरलं की डोकं दुखतं, म्हणून माणूस पुन्हा गोळी घेतो."

"कॅफिन म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"चहात असतं ना, तेच. तरतरी आणतं ते. तुम्ही वर चहाही पीत असाल, म्हणजे..."

"बाई चहा पीत नाहीत," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"कधीच नाही."

तो हसला. वाईट मनानं नव्हे, त्याला काही माहीतच नव्हतं. "मग जन्मभर गोळीतून प्यालात म्हणायचं!"

मग त्यानं वर पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. बाईंच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही असं काहीतरी होतं. दुःख नव्हे, भीती नव्हे. तोंड किंचित उघडं, डोळे टेबलावरच्या त्या एवढ्याशा पांढऱ्या गोळीवर. माझ्या कपातला चहा मोरीत ओतणारी ही बाई.

डॉक्टरनं गोळ्या ताबडतोब बंद करायला सांगितलं. डोकं फारच दुखलं तर थोडा चहा घ्या, रोज थोडा थोडा कमी करा, म्हणाला. बाईंनी मान हलवली की नाही, कुणास ठाऊक.

एसटीत त्या खिडकीशी बसल्या. हिंगणीचा फाटा आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पार्वतीचे पाय सुजले होते ना आधी?"

मी म्हटलं, "बाई, तिचं काय झालं होतं ते आता कुणाला कळणार?"

"आधी पाय, मग तोंड," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नामदेवच्या वाडीवर गेल्या. मी नको म्हणत होते, पण एकटीला सोडवेना म्हणून बरोबर गेले. नामदेव वांग्यांना पाणी देत होता. बाईंना पाहून त्यानं घोंगडी अंथरली. बाई बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. गोळीत काय असतं, त्यानं काय होतं, आपल्याला काय झालं आहे. "पार्वतीले मी देत होतो ते गोळ्या," त्या म्हणाल्या. "माह्या हातानं. नक्की आता कोनीच सांगू शकत नाई. पन मले वाटते, तिले त्याच्यानंच झालं."

नामदेव ऐकत राहिला. पाणी वाफ्याबाहेर वाहत होतं, त्याचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, आता हा ओरडेल. तो ओरडला नाही. त्यानं विचारलं, "म्हंजे त्या गोळीत चहाच होता?"

"चहातलं औषध होतं. अन् दुसरं जहर."

"मंग चहाच पेऊ द्याचा होता ना बाई तिले," तो म्हणाला. "लय आवडे तिले. मी बजारात पेत होतो चोरून. तिच्यापुढं कदी नाई पेलो. तिचा जीव तुटन म्हनून."

तो फावडं घेऊन फुटलेला वाफा बांधायला वळला. बाई तिथेच उभ्या. मी दंडाला धरून त्यांना परत आणलं.

त्यानंतरचे दिवस आठवले की आजही अंगावर काटा येतो. बाईंनी गोळ्या एकदम बंद केल्या. खोलीत अंधार करून पडून राहिल्या. डोकं भिंतीला टेकवून कण्हत. मी डॉक्टरांचं सांगणं आठवून अर्धा कप चहा करून नेला. त्यांनी कपाकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"गिळवणार नाही गं," त्या म्हणाल्या. मग डोकं पुन्हा भिंतीला टेकवून, "मायचं डोकं असंच दुखत असेल. आम्ही बाप-लेकीनं तिला खोटारडी ठरवलं. मेली तोवर मी तिच्याशी नीट बोलले नाही."

उठून बसता यायला लागल्याबरोबर त्या घरोघर निघाल्या. या खेपेला उंबऱ्यात थांबून वास घेतला नाही. ज्या ज्या बाईला गोळी दिली होती तिच्यापुढे उभ्या राहून एवढंच सांगायच्या, "मी तुले गोळी देत होतो, ते बंद कर. मी चुकलो. चहा पे पाह्यजे तर, पन गोळी बंद कर." गावाला हा धक्काच होता. भोयरबाई चहा पे म्हणते! कुणी हसलं. कुणी त्यांच्यादेखतच आधण ठेवलं. एक जण फटकन म्हणाली, "आमचे इतके वर्स चहाबिगर गेले, ते का मंग फुकट?" बाईंनी ऐकून घेतलं. लेकराला बोट चाटवणारी ती आजी मात्र रडायला लागली. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नाही. गुल्हान्यांनी बरणी काढून टाकायला नकार दिला. सगळीकडे विकतात, मी एकट्यानं काय करू, म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्या गोळीतलं ते औषध सरकारनं पुढे बंद केलं. पण बायांच्या तोंडात गोळीचं नाव बसलं होतं, तिची सवय काही एकदम सुटली नाही.

माझी बदली पुलगावला झाली. बाई आजारीच होत्या. वर्ध्याला उपचार चालू होता, पण मूत्रपिंडाचं काम करणारं यंत्र तेव्हा इकडे कुठे होतं? पुढे त्या गेल्या, आणि मला ते कळलं तेही महिन्यानं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सेलूच्या बाजारात.

मी हिंगणीलाच निघाले होते, त्यांना भेटायला. एसटी सेलूला थांबली आणि खिडकीतून मला त्या एका दुकानाच्या फळीपाशी दिसल्या. दिसल्या, पण ओळखायला वेळ लागला. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, आणि मनगटं काडीसारखी. त्यांनी एका अनोळखी बाईचा हात धरून ठेवला होता. त्या बाईच्या मुठीत नुकत्याच घेतलेल्या गोळ्या असणार.

"सोडा वो," ती बाई हात हिसकत होती. "डोस्कं फुटून राह्यलं माह्यं. बजार करायचा हाये मले अजून. तुमी कोन?"

बाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता त्या सांगतील, मूत्रपिंड, कॅफिन, सगळं. पण त्यांनी तिचा हात सोडला आणि दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"बस इथं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "मी चेपून देतो डोकं. घटकाभर. मंग खाय गोळी, खायची तं."

ती बाई उभीच राहिली. बाजाराकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग चिडल्यासारखं काहीतरी पुटपुटत खाली बसली, त्यांच्याकडे पाठ करून. बाईंनी आपले वाळलेले दोन्ही हात तिच्या कपाळावर ठेवले आणि हळूहळू दाबायला लागल्या.

मी उतरायला उठले होते. उतरले, पण त्यांच्यापाशी गेले नाही. रस्त्याच्या अलीकडे उभी राहिले. त्या बाईचे डोळे मिटत आले होते, मूठ मात्र अजून घट्ट होती.